गोंदानं मिटवलेलं हृदय

मी एक जुना नमुना आहे. हसा, हसून घ्या. माणसाला ‘काय नमुना आहे’ म्हटलं की राग येतो, मला मात्र अभिमान वाटतो, कारण मी खराखुरा नमुना आहे. हृदयाचा, प्लास्टरचा, लाकडी बैठकीवर उभा. मित्रांनो, माझं सगळं आयुष्य एका दवाखान्यातल्या टेबलावर गेलं. स्वतः एकही ठोका न देता मी किती जणांची धडधड कमी केली, हे सांगताना मला मुळीच संकोच वाटत नाही.

साच्यातून निघालो तेव्हा मी पांढराफटक होतो. रंग देणाऱ्या ताईनं माझी एक बाजू लाल रंगवली आणि दुसरीसाठी निळ्या रंगात कुंचला बुडवला, पण तिचा हात थांबला. ती साचे घडवणाऱ्या उस्तादांना म्हणाली, “रक्त कधी निळं असतं का? हे खोटं आहे.”

उस्ताद म्हणाले, “खोटंच आहे. पण कुठलं रक्त कुठं जातं ते यानं पटकन लक्षात राहतं, आणि कुणाचं वाईट होत नाही. दे रंग.”

मी निळा झालो. मोठेपणी मला हे फार उपयोगी पडलं. सोपं करणं म्हणजे काय, हे मी जन्मतःच शिकलो होतो. माझ्या पुढच्या अंगावरून एक धमनी खाली उतरते. उस्तादांनी ती सुटी केली होती आणि उभी चिरली होती. ती काढून उघडली, की भिंतीच्या पोटात साठलेला पिवळट थर दिसायचा. माझ्यातलं सगळ्यात बारीक काम तेच होतं.

मला दवाखान्यात आणलं ते डॉक्टरीणबाईंनी. त्यांनी बॉलपेनमधली छोटी स्प्रिंग काढून त्या धमनीत बसवली. अरुंद झालेली धमनी उघडी राहावी म्हणून मोठ्या दवाखान्यात जाळी बसवतात, तिच्या जागी ही स्प्रिंग. मग पेशंटच्या हातात मला सरळ सोपवून त्या म्हणायच्या, “उघडून बघा. पडला तर पडला.” मी दोनदा पडलो आणि दोन्ही वेळा माझा टवका उडाला, पण तक्रार केली नाही. एक आजोबा मला उलटंसुलटं करून म्हणाले होते, “बायकोला दाखवायला नेऊ का? ती म्हणते मला हृदयच नाही.” आजोबा हसले, बाई हसल्या, आणि हसता हसता गोळ्या कशाच्या आणि कशाला ते आजोबांच्या डोक्यात पक्कं बसलं. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे बाईंचे गुडघे थकले आणि त्यांची खुर्ची त्यांच्या भाच्याकडे आली. मुलगा हुशार होता, मनानंही चांगला होता, पण बाहेर बाकावर बसलेली माणसं दिसली की त्याच्या अंगात घाईचं वारं शिरायचं. एकदा माझी स्प्रिंग घरंगळत टेबलाखाली गेली आणि बिचाऱ्या सिस्टरला फरशीवर रांगत शोधावी लागली. भाचा वैतागला. त्यानं स्प्रिंग ड्रॉवरमध्ये टाकली, धमनी जागेवर बसवली आणि तिच्या कडेनं घट्ट गोंद फिरवला.

“आत बघून कुणाला काय कळणार आहे?” तो म्हणाला. “पाइप तुंबला, पाइप मोकळा केला. एवढं पुरे.”

मी टेबलावरच राहिलो, पण रिपोर्ट उडू नयेत म्हणून ठेवलेलं वजन म्हणून. अडगळीत गेलो असतो तर एवढं लागलं नसतं.

अशातच बेकरीवाले काका आले. मोठ्या दवाखान्यात त्यांच्या हृदयाच्या धमनीत नुकतीच जाळी बसवली होती. सोबत काकू होत्या. भाच्यानं माझ्यावर पेनानं टकटक केलं. “पाइप तुंबला होता काका, आता मोकळा झाला. मजेत राहा. गोळ्या चालू ठेवा.” काका खूश होऊन गेले. बाहेर बाकावरच्या दोघांना त्यांनी पाइपचं सगळं समजावूनही सांगितलं.

काही आठवड्यांनी ते वजन तपासून घ्यायला आले. त्या दिवशी डॉक्टरीणबाई चहाला आल्या होत्या आणि कोपऱ्यात बसल्या होत्या. भाच्यानं सहज विचारलं, “गोळ्या संपत आल्या असतील ना?”

“सोडल्या की,” काका म्हणाले. “दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. आणि पाइप तर मोकळा झालाय. बेकरीची मोरी तुंबली की मी पावडर टाकतो. मोकळी झाल्यावर रोज कोण टाकतंय?”

भाचा खुर्चीतून उठला. त्यानं सिस्टरला ईसीजीचं मशीन आणायला सांगितलं. “काका, त्या गोळ्या घ्यायलाच हव्यात. आत्ता, इथंच.”

“का?”

“कारण... पाइप पुन्हा तुंबेल.”

“तुंबला तर तेव्हा घेईन. तुम्हीच सांगितलं ना, मोकळा झाला म्हणून?” काका हाताची घडी घालून बसले. काकू रडवेल्या झाल्या. “अहो, घ्या ना, डॉक्टर म्हणताहेत तर.” काका ऐकेनात. मित्रांनो, त्या घटकेला त्या माणसाचा जीव एका ‘का’च्या उत्तरावर अडला होता, आणि ते उत्तर माझ्या पोटात होतं, गोंदाखाली.

कोपऱ्यातून बाई म्हणाल्या, “तू यांना डम्ब डाउन करून सांगितलंस.”

“आत्या, मी सोपं करून सांगितलं.”

“म्हणजे काय हो ते, डम्ब का काय?” काकांनी विचारलं. इंग्रजीत आपल्याबद्दल बोललेलं कुणाला आवडतं?

बाई त्यांच्याकडे वळल्या. “बोलण्यातला शब्द आहे, काका. चांगल्या अर्थानं कुणी वापरत नाही, तक्रार करतानाच वापरतात. बातम्या पोरकट झाल्या, पुस्तकातले अवघड धडे गाळले, की लोक म्हणतात, डम्ब डाउन केलं. समोरच्याला झेपणार नाही असं आपणच ठरवायचं आणि नेमकं जे कळायला हवं तेच काढून टाकायचं. सोपं करण्यात सांगणाऱ्याचे कष्ट वाढतात. यात वाचतात.”

“म्हणजे मला बावळट धरलं.”

“धरलं,” भाचा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “चुकलं माझं.”

मग त्यानं मला जवळ ओढलं. धमनी हलेना. नखानं हलेना, पेनानं हलेना. त्यानं कागद कापायची सुरी घेतली आणि फटीत घालून जोर लावला. कड्कन आवाज झाला. माझ्या छातीवर वरपासून खालपर्यंत तडा गेला. दुखलं का म्हणाल, तर नाही. मोकळा श्वास घ्यावा तसं वाटलं.

भाच्यानं ड्रॉवरमधून स्प्रिंग शोधून धमनीत बसवली आणि मला काकांच्या हातात दिलं. “हा थर मोरीतल्या गाळासारखा नाही, भिंतीच्या आत आहे. तो तिथंच आहे, फक्त या जाळीनं मागं दाबून धरलाय. आणि जाळी शरीराला परकी. जखमेवर रक्त साकळतं, तसं ते हिच्यावर साकळू बघतं. हळूहळू आतलं अस्तर जाळीवर चढतं आणि तिला झाकतं. तोवर गोळ्या रक्ताला तिथं साकळू देत नाहीत. मध्येच सोडल्या तर गुठळी होऊन धमनी एका झटक्यात बंद पडू शकते. हिरड्यांचं रक्त याच गोळ्यांमुळे येतं. त्याचा त्रास झाला तर मला सांगा, मी बघतो. पण मनानं सोडू नका.”

काकांनी स्प्रिंगवरून बोट फिरवलं. “म्हणजे ही झाकली जाईपर्यंत राखण करायची.”

“अगदी.”

“काकू, पाणी दे,” असं ते गडबडीत स्वतःच्या बायकोलाच म्हणाले, आणि सिस्टरला हसू आवरेना. काकांनी गोळी गिळली. ईसीजी ठीक निघाला. उठताना ते भाच्याला म्हणाले, “एवढंच होतं तर मागच्या वेळी का नाही सांगितलंत? मी कुठं घाईत होतो?”

भाच्यानं गोंदाची बाटली उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

तेव्हापासून मला पुन्हा कुणी गोंद लावला नाही. मित्रांनो, तुम्हीही कधीतरी कुणाला काहीतरी समजावून सांगाल, धाकट्या बहिणीला, आजीला, शेजाऱ्यांना. तेव्हा खुशाल निळा रंग वापरा, स्प्रिंग वापरा, हवी ती युक्ती करा. पण त्यांना कळणार नाही असं आधीच ठरवून आतलं मिटवून टाकू नका. आणि माझा तडा दिसला तर हळहळू नका. तो तडा गेला, म्हणून आज बेकरीची भट्टी पेटलेली आहे आणि काका तिच्यासमोर उभे आहेत.