फाटकी बाही

श्रावस्तीला शाळेच्या नाटकात काम मिळालं हे ऐकून तिच्या आईने, कांताने आधी शिरा केला आणि मग काम कसलं ते विचारलं. उलट केलं असतं तर रवा वाचला असता.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. नाटक अमेरिकेच्या इतिहासाचं होतं, नवा देश उभा राहतो तिथपासून थेट त्यांच्या आपसातल्या युद्धापर्यंत. घटनेवर सह्या करणारे, भाषणं ठोकणारे, ते सगळे इतर पोरांना. श्रावस्तीला गुलामांच्या लिलावाचा प्रवेश. तिने ओट्यावर मान खाली घालून उभं राहायचं आणि पोरांनी तिच्यावर बोली लावायची. तोंडी एक शब्द नाही. वेश म्हणजे फाटका झगा.

कांताचं डोकंच सणकलं. साताऱ्याकडच्या तिच्या आजीने गावकुसाबाहेर राहून धुवट पांढरं लुगडं नेसायचं म्हणून अख्ख्या गावाशी वैर घेतलं होतं. फाटकं, कुणाचं उतरलेलं अंगाला लावायचं नाही, हा कायदा इथे आखातात, सनद गावातल्या त्यांच्या दोन खोल्यांतही चालत होता. नवरा शामराव सलमाबादच्या वर्कशॉपला निघायचा तोसुद्धा इस्त्रीच्या शर्टात. तो म्हणाला, सोडून दे ते काम. पोरगी ऐकेना. अशा बाया होत्या ना, मग त्या दिसायलाच हव्यात, असं तिने इंग्रजीत ठणकावलं.

हे कांताला पटलं. फाटकं मात्र पटेना.

"फाटलं तर ती शिवंल का न्हाई? गुलाम झाली म्हून हात गळलं व्हय तिचं?"

तिने स्वतः झगा बेतला. ठिगळं लावली, पण गोधडीसारखे बारीक धावदोरे घालून. कुठे बोट शिरणार नाही असा.

नाटकाच्या दिवशी ते बसवणाऱ्या अरुणा मिसनी झगा पाहिला, छान आहे म्हणाल्या, आणि कात्री घेऊन बाही खांद्यापासून टरकावली. मागच्या रांगेतून दिसायला हवं म्हणे. पिना कमी पडल्या तर म्हणून दोरा ओवलेली एक सुई कांताच्या पदराला टोचलेली होती. ती काढून तिने लेकीच्या झग्याला टोचली आणि खुर्चीवर जाऊन बसली.

पडदा उघडला. श्रावस्ती ओट्यावर मान खाली घालून उभी, अगदी सांगितल्यासारखी. लिलाव करणाऱ्या राजसने बोली पुकारली. कांताला वाटलं, हरलो आपण.

तेवढ्यात पोरगी खाली बसली. सुई काढली आणि बाही शिवायला लागली. राजस गोंधळला. ऊठ म्हणून इंग्रजीत ओरडला, पुन्हा ओरडला. तिने वर पाहिलं नाही.

"थांब," ती मराठीत म्हणाली. घरी आईलासुद्धा इंग्रजीत उत्तर देणारी ती पोर. "टाका पुरा होऊ दे."

दाताने दोरा तोडून ती उठली आणि मान वर करून बोली लावणाऱ्यांकडे एकेक करून बघू लागली. पुढची बोली लावायला कुणी तोंड उघडेना.