आईला कोणता आजार द्यायचा

डेपोच्या डॉक्टरने आईच्या छातीवर नळी टेकवली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "बाई, तुम्हाला इथे पाठवलं कोणी? हे हृदय बसपेक्षा जास्त चालेल."

*

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्यांचा एक स्टँड आहे. शिपाई त्यात खडू ठेवतो.

*

एक मुलगा आपल्या आजोबांना मारत होता. आधी अर्धांगवायूने. ते त्याचं त्यालाच पटेना, म्हणून मग झोपेत.

*

मणका नको. डोळे तर मुळीच नकोत.

*

प्रवेश परीक्षेत शंभरात सत्त्याण्णव. शाळेच्या गुणपत्रिकेवर बावन्न टक्के. वर्तणूक: असमाधानकारक.

*

आता जोडून सांगते.

शेवटच्या वर्षी आमच्या रसायनशास्त्राच्या बाई पहिल्याच महिन्यात बदली होऊन गेल्या. त्यांच्या जागी कोणीही आलं नाही. त्या तासाला कधी खेळाचे सर येऊन पेपर वाचत बसायचे, कधी तेही नाही. प्रयोग एकही झाला नाही. पण प्रयोगांचे गुण तर भरायलाच हवेत, म्हणून मुख्याध्यापकांनी अख्ख्या वर्गाला सरसकट तीसपैकी नऊ दिले. मी विचारायला गेले, की सर, न झालेल्या प्रयोगाचे नऊ कसे? शून्य का नाही, तीस का नाही? तोंडी विचारलं तेव्हा म्हणाले, बाहेर उभी राहा. लेखी विचारलं, त्याचं उत्तर मला थेट गुणपत्रिकेवर मिळालं, वर्तणुकीच्या रकान्यात. बाकीच्या विषयांतही निम्मे गुण शिक्षकांच्याच हातात होते. लेखी विचारणारी मुलगी कोणाला आवडते?

अभ्यास मी आईच्या बसमध्ये केला. आई शहर बस चालवते. तिच्या मागच्या एकट्या सीटवर मी वाचनालयाची पुस्तकं घेऊन बसायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. कोणत्या मूलद्रव्यानंतर कोणतं, ते मला थांब्यांसारखं पाठ झालं. गाडी थांबली की आई आरशातून बघायची. मी पान उलटलेलं दिसलं की गिअर टाकायची.

कॉलेजचा नियम असा: प्रवेश परीक्षेत कितीही मिळवा, शाळेत साठ टक्क्यांच्या खाली असाल तर समितीसमोर यायचं, पालकाला घेऊन, आणि कमी गुणांचं 'समाधानकारक कारण' सांगायचं.

मामा औषधांच्या दुकानात कामाला आहे. त्याला सगळं माहीत असतं. तो आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून म्हणाला, "कारण म्हणजे आजारपण गं. दुसरं कुठलं कारण चालतच नाही. घरात कोणीतरी आजारी पाहिजे."

"कोणी नाहीये," मी म्हटलं.

"नाही कसं? ताई आहे की."

आई ओट्याकडे तोंड करून डबा भरत होती. ती वळली. "मी? मला काय धाड भरलीय?"

"भरली नाही, भरायची. आमच्या शेजारचे डॉक्टर लिहून देतात. बोल, काय घेतेस? मणका?"

"मणका नको. मणका म्हटलं की ड्रायव्हरला घरी बसवतात."

"डोळे?"

"वेडा आहेस का तू?"

"बरं, पोट."

"पोटाने कोण वर्षभर आजारी असतं?"

"मग चक्कर. चक्कर, अशक्तपणा, रक्तदाब. सभ्य आजार आहे. पोरगी आईची सेवा करत होती, म्हणून गुण गेले. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं, ताई."

"माझ्या येतंय," आई म्हणाली. "रागाने."

मी मामाला सांगितलं, मी खरं तेच सांगणार. मला सत्त्याण्णव आहेत, माझी शाळा बिनशिक्षकाची होती, यात मी कशाची माफी मागायची? मामा म्हणाला, "सांग. आणि बाहेर येऊन मला सांग, कसं वाटलं ते."

आईने मामाला न मागता चहा दिला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

*

समितीच्या खोलीबाहेर बाकं होती. बाकांवर मुलं होती आणि मुलांच्या तोंडी आजार होते. सगळे पुटपुटत होते, तोंडी परीक्षेआधी पुटपुटतात तसे. माझ्या शेजारच्या मुलाच्या मोज्यांना भोकं होती. आजोबांना मारत होता तो हाच.

"झोपेत गेले म्हटलं तर सेवा कधी केली असं विचारतील का?" त्याने मला विचारलं.

"खरंच गेले का?"

"छे. मला सोडायला आलेत. चहा प्यायला गेलेत." मग माझ्या आईकडे बघून हळूच म्हणाला, "तुझं काय? काकू दिसतायत ठणठणीत. अवघड आहे तुझं."

आई युनिफॉर्ममध्येच आली होती. दुपारची पाळी होती, घरी जाऊन बदलायला वेळ नव्हता. खिशावर बिल्ला, पायात काळे बूट. इतकी निरोगी बाई त्या व्हरांड्यात दुसरी नव्हती.

आत तिघे होते. मधले अध्यक्ष, एका बाजूला पेपरमिंट चघळणाऱ्या बाई, दुसऱ्या बाजूला एक गृहस्थ, जे एकसारखे पेनाचं टोपण काढत आणि लावत होते.

अध्यक्षांनी माझे प्रवेश परीक्षेचे गुण पाहिले. "वा," म्हणाले. मग गुणपत्रिका पाहिली. "पण हे काय? परीक्षा एका दिवसाची असते. शाळेचे गुण वर्षभराचे. त्यात माणसाची चिकाटी दिसते."

मी सगळं सांगितलं. बाई गेल्या, कोणी आलं नाही, खडू, नऊ गुण, अर्ज. अर्जाची प्रत पुढे केली. त्यांनी हात लावला नाही.

"शाळेच्या कारभाराबद्दल आम्हाला बोलता येत नाही. ते आमच्या कक्षेत नाही."

"पण सर, कारण तेच आहे."

"असेल. पण ते कक्षेत नाही." त्यांचा आवाज मऊ झाला, आणि तो मऊपणा मला अजून आठवतो, कारण त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो. "घरी कोणी आजारी होतं का? नीट आठव. आजारपण कक्षेत येतं."

"कोणी नव्हतं."

"मी होते," आई म्हणाली.

तिने युनिफॉर्मच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. वर डॉक्टरांचं नाव, खाली शिक्का. मी तिच्याकडे बघत राहिले. ती भिंतीकडे बघत होती.

पेपरमिंटवाल्या बाई हळहळल्या. "अरेरे. वर्षभर चक्कर! आणि पोरगी बिचारी बोललीसुद्धा नाही." टोपणवाल्यांनी टोपण काढलं ते पहिल्यांदाच न लावता ठेवलं. अध्यक्ष लिहायला लागले. जागा माझी झाली होती. पेनाच्या आवाजावरून कळत होतं.

मग त्यांनी मान वर केली. आईच्या खिशावरचा बिल्ला वाचला.

"तुम्ही बस चालवता?"

"हो."

"त्या वर्षीही चालवत होतात?"

आईचा हात बिल्ल्यावर गेला.

"चक्कर येत असताना?" अध्यक्ष उभेच राहिले. "बाई, मागे साठ-सत्तर माणसं बसलेली असतात! लहान मुलं असतात! हा बेजबाबदारपणा आहे. मला हे डेपोला कळवावं लागेल. माझं कर्तव्य आहे ते."

"का?" मी विचारलं.

"काय का?"

"डेपो कसा आला कक्षेत? अख्ख्या वर्गाला वर्षभर शिक्षक नव्हता, ते कोणाला कळवणं तुमचं कर्तव्य नव्हतं. तेव्हा मागे कोणी बसलं नव्हतं का, सर? आम्ही बसलो होतो."

पेपरमिंटचा आवाज थांबला.

आईने हात पुढे केला आणि कागद उचलून घेतला. "साहेब, मला काही झालेलं नाही. हे खोटं आहे. तुम्हाला आजारपण लागतं असं कळलं, म्हणून आणलं. पोरीने सांगितलं ते खरं आहे. आता खोटं टिपून घेतलंत तसं खरंही टिपून घ्या."

अध्यक्ष बसले. लिहिलेल्यावर त्यांनी एक रेघ मारली, पट्टी लावून, आणि म्हणाले, "तुम्ही समितीची दिशाभूल केलीत."

*

मी आईशी भांडले नाही. तीही माझ्याशी भांडली नाही. आम्ही डेपोत जाऊन तिच्या गाडीत चढलो. तिने आरसा सारखा केला आणि गाडी अशी काढली की उभ्या माणसाच्या हातातला पेला हिंदकळू नये.

कॉलेजच्या थांब्यावर मोजेवाला मुलगा चढला.

"झालं माझं!" म्हणाला. "मिळणार म्हणाले. बाईंनी तर पेपरमिंट दिलं. तुझं?"

"नाही."

"अगं, सांगितलं होतं ना तुला..." तो थांबला, कारण मागून एक म्हातारे गृहस्थ धापा टाकत चढत होते. आईने दार धरून ठेवलं.

"या आजोबा," आई म्हणाली. "सावकाश. झोपू नका हं गाडीत, धोक्याचं असतं."

मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला. आजोबा माझ्या शेजारी टेकले आणि त्यांनी मायेने विचारलं, "तुझं काम झालं का गं बाळा?"

त्यांना काय सांगणार? त्यांच्या मरणावर त्यांच्या नातवाला जागा मिळाली होती. मी म्हटलं, "माझ्या घरी सगळे बरे आहेत."

"छान, छान," आजोबा म्हणाले.

*

अध्यक्षांनी खरंच डेपोला कळवलं. त्याचं काय झालं ते वर आलंच आहे.

यादी लागली. मोजेवाल्याचं नाव होतं. माझ्या नावापुढे लिहिलं होतं: समाधानकारक कारण नाही. मामा म्हणाला, पुढच्या वर्षी परत बस, मी चांगला डॉक्टर बघतो. आई म्हणाली, "पुढच्या वर्षीही या घरात कोणी आजारी पडणार नाही." मी त्या जुन्या अर्जाची आणखी एक प्रत काढली, वरचा पत्ता बदलला, मुख्याध्यापकांच्या वरच्या साहेबांचा घातला. सत्त्याण्णव पुन्हा मिळवता येतात. मागची सीट आहेच.

आणि आमच्या शाळेत रसायनशास्त्राचे नवे सर रुजू झाले होते; तो आम्हाला गुणपत्रिका मिळाल्याचा दिवस होता.