दोरा बांधलेला टोमॅटो

या, अशा जवळ सरकून बसा. कामं कुठे पळून जात नाहीत. एका टोमॅटोची गोष्ट सांगते, आणि पदरचं काही घालणार नाही, वर देव बघतोय.

आमच्या शेजारी एक शिवणकाम करणारी बाई राहते. तिच्या सासूने जन्मभर एकच वाण जपला. ओबडधोबड, चिरा पडलेला, जांभळट टोमॅटो. दिसायला अगदी ध्यान, पण एकदा खाल्ला की बाजारचा गोड लागायचा नाही. दरवर्षी त्याचंच बी धरायचं, त्याचीच रोपं करायची. सासू गेल्या, बी सुनेच्या हाती आलं. यंदा तिने होतं नव्हतं तेवढं सगळं पेरलं आणि परसात रोग शिरला. झाडांनी उभ्या उभ्या माना टाकल्या. एकच जगलं, त्यावर एकच फळ. आता वाण राहणार की जाणार, ते त्या फळावर. पिकायला लागल्यावर तिने मशीनवरचा लाल दोरा तोडून देठाला बांधला. हे बियाण्याचं, कुणी तोडू नये म्हणून.

त्यातच मोठी नणंद राहायला आली. एका दुपारी बाई शिवलेले कपडे पोचवून परतली, तर झाडाला फळ नाही. नणंद ओट्याशी उभी, हनुवटीवर रस.

"वन्सं, तो टोमॅटो..."

"माझाच ना? दोरा बघितला आणि भरून आलं गं. आई असाच बांधायची माझ्यासाठी. भावांची बिशाद नव्हती हात लावायची."

बाईने हातातली पिशवी तिथेच टाकली. "अहो, तो बियाण्याचा होता. शेवटचा. सगळा वाण गिळलात तुम्ही."

"बिया कशाला गिळू? मी काय कोंबडी आहे?" नणंदेने खिडकीतलं वाडगं पुढे सरकवलं. "आतलं आईचं, बाहेरचं माझं. आधी वाडग्यात पिळल्याशिवाय तिने कधी खाऊच दिलं नाही."

वाडग्यात गर होता, गरात बियाच बिया. बाईने त्यात बोट फिरवलं. हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे सासूबाईंचाही दोरा बियांसाठीच."

नणंदेने हनुवटीवरचा रस पुसला. "इतकी वर्षं मला वाटलं, माझ्यासाठी."

"खायला कुणाला मिळायचा?"

"मला. दुसऱ्या कुणाला वाससुद्धा नाही."

"मग झालं तर."

गर आंबवून, धुऊन बिया फडक्यावर वाळवल्या. देवाने राखलं हो. त्यातलं एक रोप तुम्हालाही देववीन. पहिलं फळ तोंडात फुटेल ना, तेव्हा त्या सासूबाईंची एकदा आठवण काढा.