कधीच परत न गेलेली

ती पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात गेली. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची, म्हणून मी मनातल्या मनात तिला चष्मेवालीच म्हणायचे. ओठ सुजलेला, हातात एकच पिशवी, नवऱ्याच्या घरातून कालच निघालेली, आणि तोरा बघाल तर असा की आपणच तिच्याकडे मदत मागायला आलोय.

आमच्या संस्थेत पद्धत अशी की, मार खाऊन घराबाहेर पडलेल्या बाईला आधी बाहेर पडलेली एक बाई जोडून देतात. तिला सोबतीण म्हणतात. मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते आणि गुरुवारी सुट्टी असते तेव्हा सोबतीण होते. नियम दोनच. उपदेश करायचा नाही, आपण काय केलं तेवढंच सांगायचं. आणि जे सांगायचं ते खरं सांगायचं.

पहिल्याच गुरुवारी खुर्चीवर अर्धवट टेकून तिने विचारलं, "तुम्ही कधी त्याच्याकडे परत गेला होतात का?"

विचारायची तऱ्हा अशी, जसं काही मीच गुन्हा केलाय. माझं पित्त खवळलं. "त्याच्या दारात थुंकायलासुद्धा गेले नाही," मी ठणकावून सांगितलं. "एकदा निघाले ती निघाले."

धडधडीत खोटं. मी चार वेळा परत गेले होते. पण अकरा वर्षं मी हेच सांगत आले होते. एका कार्यक्रमात माइकवर सांगितलं तेव्हा बायका उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. आता ते मागे कसं घेऊ? आणि या नकचढीसमोर तर मुळीच नाही.

सहा महिने आम्ही दर गुरुवारी भांडलो. ती म्हणायची, "तुमचं बरं आहे, तुम्ही लोखंडाच्या." मी म्हणायचे, "मग तू काय मेणाची आहेस?" की तिचं तोंड बंद. मला बरं वाटायचं. हो, वाटायचं, आता कशाला लपवू? एकदा तिच्या मनगटावर काळंनिळं दिसलं. "मशीनवर लागलं," म्हणाली. "जरा जपून काम करावं माणसाने," मी म्हटलं. मी म्हटलं हे! जिन्यावरून पडले, कपाटाचं दार लागलं, असं शेजारणींना वर्षानुवर्षं सांगणारी मी. कपाळ माझं.

मग दोन गुरुवार ती आली नाही. फोन बंद. दुकानात गेले तर मालक म्हणाला, "ती नवऱ्याकडे गेली ना परत. दहा दिवस कामावर नाही. तुम्हाला सांगितलं नाही?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तिच्यावरच चिडले होते मी. एवढं तोंड फाडून सांगितलं आणि हिने माती खाल्ली! संस्थेचं ऑफिस सांभाळणारी ऑफिसवाली म्हणत होती, थांब, एकटी जाऊ नकोस, दोघी जाऊ. मी कसली थांबते?

तिच्या नवऱ्याच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, सासूने दार उघडलं, तेही वीतभर.

"सुनेला भेटायचंय."

"झोपलीय."

"दुपारी दीड वाजता?"

"आमच्या घरात कुणी कधी झोपायचं, ते तुम्हाला विचारून ठरवायचं का?"

तिच्या मागून चष्मेवाली आली. डावा हात छातीशी धरलेला, मनगट वाकडं, बोटं टम्म सुजलेली. ज्या बोटांनी ती बारीक बारीक स्क्रू बसवायची तीच बोटं. "चल," मी म्हटलं. "आधी डॉक्टर."

"तुम्ही जा. तो दोनला जेवायला येतो."

"म्हणूनच म्हणतेय, चल!"

"नाही जमलं मला. मी तुमच्यासारखी नाही. तुमच्या तोंडाकडे बघायची लाज वाटते मला. जा ना हो."

सासू दार लोटायला लागली. मी फटीत पाय घातला आणि ओरडले, "अगं मूर्ख, मी चार वेळा गेलेय परत!"

दार तिथेच थांबलं.

"एकदा तो रडला, पाय धरले म्हणून गेले. एकदा मला ताप होता आणि पाणी द्यायला कुणी नव्हतं. तिसऱ्यांदा मीच त्याला फोन केला, रविवार जाता जात नव्हता. चौथ्यांदा का गेले ते मलाही ठाऊक नाही. हे पुढचे दोन दात खोटे आहेत, ते त्याच वेळचे."

आता ही गळ्यात पडून रडेल असं मला वाटलं. कसलं काय! माझ्याकडे एकदाही न बघता तिने चपला पायात सरकवल्या. सासूने बाही धरली. "हात सोडा," ती म्हणाली, आणि बाहेर आली.

जिन्यात तिने एकच विचारलं, "मग आधी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, "पाय उचल, दोन वाजत आले." बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. ती पुढे जाऊन उभी राहिली, मोडलेला हात घेऊन.

प्लास्टर झाल्यावर ऑफिसात आलो. ऑफिसवालीने पाणी दिलं. ते तसंच ठेवून चष्मेवाली म्हणाली, "मला ही सोबतीण नको."

"अगं, तीच तर तुला घेऊन आली," ऑफिसवाली म्हणाली.

"इथे यायला लागल्यापासून मी याआधी दोनदा परत गेले होते. दोन्ही वेळा बाथरूमचं दार लावून हिचा नंबर काढला आणि फोन खाली ठेवला. जी बाई एकदाही परत गेली नाही, तिला काय तोंडाने सांगायचं? हिने पहिल्या दिवशी खरं सांगितलं असतं तर मी पहिल्याच वेळी फोन केला असता. हा हात मोडलाच नसता."

"सहा महिने हिच्यासमोर मान खाली घालून बसले मी," ती म्हणाली.

ऑफिसवालीने माझ्याकडे पाहिलं. "खरंय हे?"

माझ्याकडे उत्तरांची कधी कमतरता नसते. दीड वाजता तुझ्या दारात कोण आलं होतं, हेही तोंडाशी आलं होतं. पण टेबलावर तिचा तो पांढरा हात पडला होता आणि प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं हलत नव्हती.

"खरंय," मी म्हटलं. "तिला दुसरी कुणीतरी द्या."