आपलं

"लोढणं कशाला काढतीस आये? आजच्या दिवस तरी राहू दे गळ्यात," मल्हार म्हणाला.

कुशाबाईनं ते आधीच काढलं होतं. हातभर लांबीचं बाभळीचं लाकूड, तिळ्या कुत्र्याच्या गळ्यात आठ महिने लोंबून गुळगुळीत झालेलं. पिल्लू मेंढरामागं पळायला लागलं की ते त्याच्या पुढच्या पायांवर आपटायचं आणि त्याची हौस तिथंच जिरायची. लोढणं काढलं म्हणजे कुत्रं तयार झालं. बावड्याचा सिद्धू आज दुपारी तिळ्याला न्यायला येणार होता, आणि लोढण्यासकट कुत्रं दुसऱ्याच्या हवाली करणं म्हणजे कुशाबाईच्या लेखी पाहुण्याच्या ताटात कच्ची भाकरी वाढणं होतं.

"आगं, मेंढरं न्यायला टेम्पो येनार हाय. मोकळं कुत्रं अंगावर गेलं म्हंजी?"

"माजी कुत्री बांधत न्हायत. बांधल्यालं कुत्रं चावरं हुतं."

लेक कारखान्यात फिटर झाला तरी कुत्र्यांच्या बाबतीत आईपुढं त्याचं काही चालत नसे.

सकाळपासून कुशाबाई एका जागी टेकली नव्हती. चुलीवर चहा ठेवला, तो उतू गेला. कळंबच्या सडकेपर्यंत तीनदा जाऊन आली. वाघरीतली, म्हणजे जाळीच्या कुंपणातली, मेंढरं पुन्हा पुन्हा मोजली. अठरा होती, अठराच भरत होती. तांबडी नावाची म्हातारी मेंढी, तिच्या दोन लेकी, लंगडा मेंढा, आणि बाकीची. कधीकाळी याच माळावर दीडशे होती. मग कॅनॉलचं पाणी आलं, ऊस आला, बांधसुद्धा नांगरून झाले. मेंढरानं उसाच्या पाल्याला तोंड लावलं की भांडण ठरलेलं.

गेल्या आषाढात ती ओढ्यात घसरून पडली. दुपारपासून दिवस मावळेपर्यंत तिथंच पडून होती आणि तिळ्या सगळी मेंढरं तिच्याभोवती गोळा करून बसला होता. त्यानंतर मल्हार म्हणाला, मेंढरं काढून टाकू, तू सोमेश्वरनगरला चल. आणि ती हो म्हणाली. कुणी तिचा हात पिरगाळला नव्हता. तेच तिला आता खुपत होतं, कारण राग काढायचा तर कुणावर काढणार?

तिचं खरं नाव होतं ते पिल्लांसाठी. मेंढरं कमी झाली तरी इंदापूर तालुक्यातला धनगर कुत्र्याचं पिल्लू घेऊन तिच्याकडंच यायचा. चाळीस दिवसांचं झालं की ती त्याला वाघरीत सोडायची आणि पहिली मास्तरीण म्हणजे तांबडी. नुकतीच व्यालेली तांबडी अशी ढुशी द्यायची की पिल्लू कोलांटी खाऊन उठायचं आणि पुढं जन्मभर कोकराशी अदबीनं वागायचं. तिळ्यानं चार महिन्यांचा असताना खेळाखेळात एका कोकराचा कान फाडला होता. मल्हार काठी घेऊन धावला, पण कुशाबाईनं तिळ्याला सबंध दिवस तांबडीबरोबर कोंडलं. संध्याकाळी तो बाहेर आला तो लंगडत, आणि लोढणं निमूटपणे गळ्यात घालून घेतलं.

पण तिची खरी करामत एका शब्दाची होती. नवं जित्राब कळपात आलं की ती पिल्लाचं तोंड त्याच्या लोकरीत दाबायची आणि म्हणायची, "आपलं." एवढंच. त्या शब्दासरशी कुत्र्यानं खाली बसायचं, आणि पुन्हा त्या वासावर कधी गुरगुरायचं नाही. कोकराला, मेंढ्याला, घरी येणाऱ्या माणसालाही हाच शब्द. तो ती उगीच कुणासाठी खर्च करत नसे. दीर भिमानं एकदा तिला न विचारता मेंढी विकली, तर बारा वर्षं तिनं त्याच्यासाठी हा शब्द उच्चारला नाही. बिचारा भिमा बारा वर्षं बाभळीखाली उभा राहून, "वैनी, कुत्रं धर गं," असं ओरडत राहिला आणि लांबूनच चहा पिऊन गेला.

टेम्पो दहाच्या सुमारास आला. त्यातून कुंडलिक व्यापारी उतरला. तो मेंढरं पाळायला नेत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. त्यानं वाघरीच्या दोरीला हात घातला मात्र, तिळ्या वाघरीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. भुंकला नाही. मान खाली, दात उघडे, घशातून बारीक घरघर.

"मावशे, कुत्रं घे ते."

"तिळ्या, हिकडं," कुशाबाई म्हणाली. तिळ्या हलला नाही. एरवी त्या हाकेला उडी मारून येणारं कुत्रं! पण परका माणूस वाघरीला हात लावत असताना हलायचं नाही, हेही तिनंच शिकवलं होतं.

मल्हार त्याच्या मानेला धरायला वाकला, तर तिळ्यानं त्याच्या मनगटाशी हवेत जबडा मिटला. कुंडलिकनं टेम्पोतली लोखंडी पहार काढली.

"बगा, मला समदं बारामतीला येळंत पोचवायचं हाय. तुमचं जमत न्हाय तर मी बगतो."

"आये, चावलं तर सिद्धू न्यायचा न्हाय त्येला," मल्हार दबक्या आवाजात म्हणाला. "आन् हितं ठिवायला तरी कोण हाय?"

ते खरं होतं. माणसाला फाडलेलं कुत्रं कुठलाही मेंढका कळपात घेत नाही. मग राहिलं ते उसाच्या बांधावर भटकणं, नाहीतर आत्ता, इथं, ती पहार. मेंढरं तर द्यायचीच होती, व्यवहार ठरला होता. कुत्रं तेवढं वाचवता येत होतं.

ती पुढं झाली. कुंडलिकचा पहार नसलेला हात तिनं मनगटाशी धरून ओढला. दुसऱ्या हातानं तिळ्याचा कान धरला आणि त्याचं तोंड त्या तळव्यात दाबलं.

"आपलं," ती म्हणाली.

तिळ्यानं हुंगलं. त्या हाताला शंभर जित्राबांचा वास असणार. त्यानं वर तिच्याकडं पाहिलं, क्षणभर थांबला, आणि खाली बसला.

मग सगळं झटपट झालं. एकेकाला उचलून टेम्पोत टाकलं. तांबडी शेवटी गेली. फळीवरून तिनं मान वळवून हाक दिली तेव्हा तिळ्याच्या पाठीवरचे केस उभे राहिले, शेपूट थरथरली, पण तो बसून राहिला. बस म्हणून सांगितलं होतं ना! टेम्पो सडकेला लागून दिसेनासा झाला तेव्हा कुठं तो उठला आणि रिकाम्या वाघरीत शिरून कोपरान् कोपरा हुंगत फिरू लागला. फिरतच राहिला. कुशाबाईला ते बघवेना, म्हणून ती सडकेकडं तोंड करून उभी राहिली.

सिद्धू दुपारी कळप घेऊनच आला. दिवाळी झाली की त्याची मेंढरं कोकणाकडं निघत. मल्हारनं त्याला सकाळचा प्रकार कौतुकानं सांगितला.

"हॅट! आत्या, काय शिकीवलंय!" सिद्धू खूश झाला. "आता माज्या मेंढरांची वळख करून द्या तेवडी."

त्यानं आपली पुढची मेंढी धरून आणली. कुशाबाईनं तिळ्याचं तोंड तिच्या लोकरीत दाबलं.

"आपलं."

तिळ्यानं हुंगलं. आधी कुशाबाईच्या तोंडाकडं पाहिलं, मग सडकेकडं. बसला मात्र नाही.

"आपलं, तिळ्या. आपलं हाय."

त्यानं मान फिरवली.

"इसारलं का काय?" सिद्धूनं विचारलं.

"न्हाय रं. त्येला समदं ध्येनात हाय." कुशाबाई त्याच्याकडं न बघता बोलत होती. "ह्यो सबूद आता वापरू नगंस. मी आज त्येच्याशी खोटं बोलले. तुजा तू दुसरा काड, आन् लई जपून वापर."

"मेंढरावर जायाचं न्हाय न्हवं?"

"मेंढरावर कदी जायाचा न्हाय. मानसांचं मातर म्या सांगू शकत न्हाय."

सिद्धू जरा घुटमळला. कोपऱ्यात पडलेल्या लाकडाकडं बोट दाखवून म्हणाला, "मग चार दिस लोढणं घालू का?"

"लोढणं नगं," ती एकदम तडकली. "त्येचं काय चुकलंय?"

तिळ्या गेला. कुणाला ओढावं लागलं नाही. कळप चालू लागला तसा तो आपणहून मागं राहिलेल्या एका लंगड्या कोकराच्या शेजारून चालू लागला. त्यानं मागं वळून पाहिलं नाही, आणि कुशाबाई रडली ती तेव्हा.

संध्याकाळी मल्हारच्या गाडीवरून ती सोमेश्वरनगरला पोचली. कारखान्याची चाळ, पुढं एवढासा ओटा, आत ट्यूबलाईट. सून स्वप्नालीनं पायांवर पाणी घातलं आणि नवी सतरंजी अंथरली. नात छकुली दारामागून डोकावत होती. कुशाबाई उंबऱ्याच्या आत येऊन थांबली. खोलीला चुन्याचा वास होता.

"बस की आये, हुबी का?" मल्हार मायेनं म्हणाला. "परकं का हाय? आपलंच हाय."

तिनं आधी त्याच्या तोंडाकडं पाहिलं, मग उघड्या दारातून रस्त्याकडं.

"बसते," ती म्हणाली, आणि उभीच राहिली.