चार हिरवे दिवे

प्रवचन संपलं, पेटीचं झाकण उघडलं आणि सभागृहातल्या सगळ्या माना एकदम उंचावल्या. तेजबाबांनी आत हात घातला, विटेएवढी एक काळी बॅटरी बाहेर काढली आणि तिच्यावरचं बटण दाबलं. एक दिवा लागला. मग दुसरा, तिसरा, चौथा. चारही हिरवे!

"उठली! उठली!" मागून कुणीतरी ओरडलं आणि टाळ्यांनी छत दणाणलं.

जत्रेतली हौशी गर्दी नव्हती ती. प्रत्येकाच्या घरी कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं होतं. कुणाच्या पिशवीत घशातला कफ ओढणाऱ्या यंत्राची बॅटरी होती, कुणाच्या औषधाच्या पंपाची, कुणाच्या प्राणवायूच्या यंत्राची. सगळ्या मेलेल्या. घरच्या चार्जरला लावल्या की लाल दिवा लागायचा आणि पुढे काही नाही. दुकानदार म्हणायचा, "नवीन घ्या." नवीनचा भाव ऐकून तोंडचं पाणी पळायचं. अशा माणसांना बाबा सांगत होते, "बदलू नका, जागवा!"

माझी वहिनी पहिल्या रांगेत बसली होती आणि मी तिच्या शेजारी. पेटीतून निघालेली ती बॅटरी आमचीच होती. वहिनीच्या डोळ्यांना धार लागली होती.

"लेकरांनो," बाबांनी पुन्हा सूर लावला, "बॅटरीला टोकं किती?"

"दोन!"

"धन टोक म्हणजे पिता. ऋण टोक म्हणजे माता. आणि मधून वाहतो तो कोण?"

"तुम्ही, बाबा!"

मी शाळेत विज्ञान शिकवते. आठवीच्या पेपरात हे उत्तर आलं असतं तर मी भोपळा दिला असता. इथे त्याला टाळ्या पडत होत्या.

मग बाबांनी पथ्यं सांगितली. "घरी जाऊन यंत्र या बॅटरीवर चालवून बघायचं नाही. परीक्षा घेतली की तेज गेलं. खरी गरज पडेल तेव्हाच लावा. आणि दुसरा आधार घरात ठेवू नका. दोन होड्यांवर पाय ठेवणारा बुडतो."

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "वहिनी, घरी गेल्यावर आपण यंत्र यावर चालवून बघू. लाइट असतानाच. बंद पडलं तर लगेच प्लग लावता येईल."

"वन्सं, ऐकलं नाही का बाबांनी काय सांगितलं ते?"

"जी गोष्ट खरी असते ती तपासली म्हणून खोटी होत नाही."

"तुमचं सगळं पुस्तकातलं," वहिनी म्हणाली आणि बॅटरी पदराखाली घेऊन झपाझप पुढे चालू लागली.

माझा दादा फरशा घासायचा. लोकांच्या जमिनी त्याने आरशासारख्या केल्या आणि तिथली सगळी धूळ छातीत भरून घरी आणली. आता त्याच्या पलंगाशी एक यंत्र अखंड घरघरायचं. खोलीतल्या हवेतून प्राणवायू वेगळा काढून ते नळीने त्याच्या नाकात सोडायचं. यंत्र विजेवर चालायचं, वीज गेली की बॅटरीवर. त्याखेरीज कोपऱ्यात प्राणवायूचा एक सिलिंडर उभा असायचा, अडीनडीला.

दुसऱ्या दिवशी मी दादापुढे गाऱ्हाणं घातलं. तो थांबत थांबत बोलायचा. "राहू दे गं. रात्रभर... जागी असायची ती. लाइट जाईल म्हणून. कालपासून झोपते तरी." मग हसून म्हणाला, "एक शाळेतली मास्तरीण, एक घरातली... पेशंटचं काही खरं नाही."

तरी मी दुकानात नवीन बॅटरी मागवून आले. पुढच्या रविवारी दादाकडे गेले तर सिलिंडरचा कोपरा रिकामा. वहिनीने तो परत पाठवला होता आणि दुकानात फोन करून नवी बॅटरीही नको म्हणून सांगितलं होतं. दोन होड्या नकोत म्हणून.

मी खूप बोलले. वहिनीही बोलली. शेवटी दादाला खोकल्याची उबळ आली आणि आम्ही दोघी त्याच्याकडे धावलो. निघताना मी दुकानात परत फोन केला. सिलिंडर गुरुवारी मिळेल म्हणाले.

बुधवारी भर दुपारी गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. मी वर्गावर होते. वहिनीचा फोन आला. आवाज अगदी शांत होता. "लाइट गेलीये, पण तुम्ही काळजी करू नका. बाबांची बॅटरी लावलीये. चारही हिरवे आहेत."

"ॲम्ब्युलन्सला फोन करा. आत्ता!"

"अहो, पण चालू आहे ना यंत्र."

ॲम्ब्युलन्सला मीच फोन केला आणि धावत सुटले. वाटेतच वहिनीचा दुसरा फोन आला. नुसता यंत्राचा धोक्याचा पीं पीं आवाज येत होता, आणि तोही मध्येच थांबला.

मी पोचले तेव्हा खिडक्या सताड उघड्या होत्या. वहिनी पुठ्ठ्याने दादाला वारा घालत होती. जोरजोरात. त्याचे डोळे छताकडे होते, ओठ निळे पडले होते, आणि तिचा हात थांबत नव्हता. मी पुठ्ठा धरला तर म्हणाली, "सोडा, त्यांना हवा लागत नाहीये."

ॲम्ब्युलन्स आली, पण नेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

लोक भेटायला आले. त्यात बाबांचा एक सेवकही होता. दाराशी उभा राहून म्हणाला, "बाबा म्हणाले, घरात कुणाच्या तरी मनात संशय होता." माझ्याकडे बघून म्हणाला. वहिनीनेही माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरलेले नाही.

मी बॅटरी शाळेच्या प्रयोगशाळेत नेली. शेजारी वाळूची बादली ठेवली, कारण अशी बॅटरी पेट घेऊ शकते. घरी कुणी हा उद्योग करू नये. प्रयोगशाळेतल्या उपकरणाने थोडी थोडी वीज तिच्यात ढकलली. बघता बघता चार हिरवे दिवे लागले. घ्या, माझ्याही हातून चमत्कार झाला! मग तिला मोटारीचा एक बल्ब जोडला. दहा मिनिटंही जळला नाही. दादाच्या डॉक्टरांकडून याच जातीची नवी बॅटरी मागून आणली आणि तोच बल्ब तिला लावला. तो शाळा सुटेपर्यंत जळत राहिला.

मी वहिनीला बोलावून दोन्ही प्रयोग पुन्हा करून दाखवले. तिने विझलेला बल्ब काढून हातात घेतला. मग एवढंच म्हणाली, "पुढची बैठक कधी आहे?"

बैठकीला गर्दी तेवढीच होती. बॅटऱ्या पेटीत गेल्या, पेटीचं झाकण लागलं, त्यावर बाबांनी हात ठेवले आणि प्रवचन सुरू झालं. पिता, माता, प्रवाह. प्रवचन संपत आलं तेव्हा मी दादाची बॅटरी हातात घेऊन उभी राहिले.

"बाबा, तेज तुमच्या हातात आहे ना? मग पेटी कशाला? ही बॅटरी नुसती हातात धरून जागवा."

"कोण तू, ताई?"

"तुमची बॅटरी लावून जो माणूस मेला, त्याची बहीण."

कुजबुज झाली. बाबा गोड हसले. "त्याची घटका भरली होती. मरणाला कुणी अडवलंय?"

"खाली बसा हो!" मागून कुणीतरी खेकसलं. एकाने माझा दंड धरला. तेवढ्यात वहिनी व्यासपीठावर चढली होती. शोकातल्या बाईला अडवायला कुणी धजलं नाही. तिने दोन्ही हातांनी पेटी उचलली. पेटी वीतभर वर आली आणि अडली. वहिनीने हिसका दिला. टेबलाच्या पोकळ पायातून एक वायर ताणली गेली, गालिच्याची कड उलटली आणि भिंतीतल्या सॉकेटमधला प्लग खाडकन निघून खाली पडला.

मागची माणसं बघायला पुढे लोटली.

पेटीचा मखमली तळ मी उचकटला. खाली चार्जरच होता, पण तुमच्या-आमच्यासारखा नाही. घरचा चार्जर शहाणा असतो. पार खचलेली बॅटरी तो भरायलाच नकार देतो, तोच तो लाल दिवा. बाबांचा चार्जर बिनडोक होता. समोरची बॅटरी कितीही खचलेली असो, तो वीज ढकलत राहायचा. आणि थकलेल्या बॅटरीत मुळात जागाच उरलेली नसते, म्हणून प्रवचन संपायच्या आत ती भरायची. वाटी हंड्यापेक्षा लवकर भरते. दिवे सांगतात ते भांडं भरलंय एवढंच. भांडं केवढं उरलंय, ते सांगत नाहीत. ज्याला आपण चमत्कार म्हणत होतो, ते बॅटरी संपल्याचं लक्षण होतं.

पेटीतल्या चारही दिवे हिरवे झालेल्या एका बॅटरीला मी सोबत आणलेला बल्ब जोडला. ती बॅटरी होती एका लहान मुलीच्या कफ ओढायच्या यंत्राची. तिची आई पुढे येऊन उभी राहिली. बल्ब पिवळा पडत गेला आणि विझला. त्या बाईने बॅटरी पिशवीत टाकली आणि चप्पलही न घालता दाराकडे धाव घेतली.

"मी लोकांना आशा दिली," बाबा म्हणाले. "आशा देणं गुन्हा आहे का?"

"आशा नाही दिलीत," वहिनी म्हणाली. "आमच्याकडे होता नव्हता तो आधार काढून घेतलात."

पोलीस आले, बाबांना घेऊन गेले. महिनाभरात ते जामिनावर सुटले. पोलीस आले त्या दिवशी सभागृहाच्या दाराशी एक सुशिक्षित गृहस्थ मला विचारत होते, "पेटी खोटी असेल हो, पण बाबांच्या हातात काहीतरी असेलच ना?" त्यांच्या हातात अजून बॅटरीची पिशवी होती. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. नुसती चीड आली.

घरी येताना वहिनीने विचारलं, "वन्सं, मग मीच मारलं का त्यांना?"

"नाही," मी म्हटलं. "तपासू नका असं ज्याने सांगितलं, त्याने मारलं."

त्या उत्तराने तिचं समाधान झालं नाही. माझंही झालेलं नाही.

म्हणून हात जोडून सांगते. घरात आजारी माणूस असेल तर त्याची बॅटरी तपासा. घरात लाइट असताना, डॉक्टरांना विचारून, माणसं जवळ असताना, ती खरोखर किती वेळ यंत्र चालवते ते घड्याळ लावून बघा. दुसरा आधार हाताशी ठेवा. बुडण्याची भीती असते तेव्हा दोन होड्या असलेल्याच बऱ्या. आणि कुणी म्हणालं की विश्वास ठेवा, पण पारखून बघू नका, तर तो महाराज असो, दुकानदार असो की माझ्यासारखी मास्तरीण, त्याच्या हाती आपल्या माणसाचा श्वास देऊ नका.