चौथं शील

म्हातारीला खोटं बोलायला तुम्ही लावलंत. तुमचं नाव आम्हाला ठाऊक नाही, तुम्ही कुठल्या खुर्चीत बसता तेही नाही. पण हुमनाबादकडच्या कोहिनूर गावच्या चांगुणाबाईचं कपाळ तुम्हीच जमिनीला टेकवलंत, एवढं आधी ऐकून घ्या. बाकीची गोष्ट मग.

चांगुणाबाई म्हणजे नागनाथची आजी, बापाची आई. रझाकारांच्या धामधुमीत नवरा गेला तेव्हा पदरात बारकी लेकरं. हुमनाबादच्या सडकेवर तिनं खडी फोडली, मराठ्यांच्या ज्वारीत खुरपलं आणि लेकरं जगवली. वस्तीतल्या निम्म्या लोकांची लग्नं तिनं जमवली, उरलेल्यांची भांडणं मोडली. छप्पन साली नागपूरच्या धर्मांतराची बातमी आली, तेव्हा वस्तीतले बाप्ये देव सोडायला चाचरत होते. मरीआई कोपली तर? चांगुणाबाईनं देव्हाऱ्यातली मरीआई उचलली आणि थेट ओढ्यावर नेली.

"ह्या दगडावर मिरची बी नीट वाटंना," ती म्हणाली, "आन् तुमी ह्याला भ्यायलाव व्हय?"

उदगीरकडच्या एका कार्यकर्त्याच्या तोंडून ऐकून ऐकून तिनं वंदना पाठ केली. अक्षर एक येत नव्हतं. पण विहारात पंचशील पुढं म्हणायची ती आणि मागं सगळी वस्ती. कुणी पुटपुटलं की तिथंच थांबवायची, "तोंडात भाकर हाय का रं? नीट म्हण."

अठ्ठ्याहत्तर साली नागनाथला पॉलिटेक्निकात राखीव जागा मिळायची वेळ आली. जातीचा दाखला लागत होता. हिंदू लिहिलं तर जागा, बौद्ध लिहिलं तर घरी बसा. हा तुमचा कायदा. चौकशीला गिरदावर, म्हणजे तलाठ्याच्या वरचा साहेब, येणार, घरातले देव बघणार, असा निरोप आला.

नागनाथच्या बापानं, पिराजीनं, भिंतीवरची बुद्धाची तसबीर काढून कणगीमागं सारली. नागनाथ मराठ्यांच्या कमलबाईकडं गेला. तिच्याच शेतात आजी खुरपायची. त्यानं भवानीचा फोटो एका दिवसापुरता मागितला.

"देव वढ्यात टाकलाव की तुमी," कमलबाई हसली. "आता कामून आठवण आली?"

तिनं फोटो आणला, पण हातात दिला नाही; उंबऱ्यावर ठेवला आणि मागं सरली. "आन् ह्यो परत आणू नगंस बाबा. बाजारातनं नवा आणून दे."

धर्म बदलला तरी नागनाथ कोण आहे ते कमलबाईला बरोबर कळत होतं. तुम्हालाच तेवढं कळत नव्हतं.

गिरदावर शिवशंकरप्पा आला. आत आलाच नाही, अंगणातून वाकून बघितलं. दारासमोरच्या भिंतीत भवानीच्या फोटोसाठी वेगळा खिळा नुकताच ठोकलाय, हे त्याला दिसलं असणार; खाली पोपडे तसेच पडले होते. माणूस वाईट नव्हता. त्याला काम उरकायचं होतं.

"अज्जी, निम्म देवरु यारु? तुमचा देव कोण?"

चांगुणाबाईनं कणगीकडं बघितलं.

"म्हातारीला ऐकू कमी येतंय, साहेब," पिराजी म्हणाला.

"मला समदं ऐकू यायलंय," ती म्हणाली.

गिरदावराच्या पाठीमागं उभ्या नागनाथनं तिला हात जोडले. एवढा उंच वाढलेला पोरगा. ती त्या हातांकडं बघत राहिली.

"मरीआई," ती म्हणाली.

फोटो भवानीचा, नाव मरीआईचं. शिवशंकरप्पानं तेही सोडून दिलं. "मग पाया पडा की. मी बघितलं म्हणून लिहितो."

ती वाकली. गुडघा धरून, कण्हत, कपाळ भुईला लागेपर्यंत. ती उठायच्या आत त्यानं लिहायला घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी विहारात ती नेहमीसारखी पुढं बसली. तीन शीलं म्हणाली. चौथं आलं, मुसावादा वेरमणि, म्हणजे खोटं बोलणार नाही, आणि तिनं ओठ मिटले. मागची माणसं अडखळली, कुणीतरी ओळ उचलली. पाचव्याला ती पुन्हा म्हणू लागली. पुढं रोज असंच.

"आजी, म्हण की. कामून थांबायलीस?" नागनाथनं एकदा विचारलं.

"खोटं बोलले ते बोलले. वर आनखी हे बी म्हणू व्हय? तू जा, शीक."

तो शिकला. गुलबर्ग्याला सरकारी इंजिनिअर झाला. एकोणनव्वद साली म्हातारी गेली. पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला सगळी वस्ती लोटली, पुढच्या रांगेत नागनाथच्या कचेरीतले साहेब. माइक त्याच्या हातात होता. तो खडीचं बोलला, ओढ्याचं बोलला आणि पंचशीलापाशी आला. तेवढ्यात त्याला साहेब दिसले. दाखल्याची चौकशी उघडली तर नोकरी गेली, घर गेलं.

"शेवटी शेवटी आजीला विसर पडत होता," तो म्हणाला. "पाचातलं एक शील रोज विसरायची."

मंडप हसला, मायेनं हसला. नागनाथही हसला. जिनं आयुष्यात एक शब्द इकडचा तिकडं होऊ दिला नाही, तिला तिच्याच नातवानं भर मंडपात विसराळू करून टाकलं.

वर्षभरात तुम्ही कायदा बदललात. बौद्धांनाही दाखला. नागनाथ त्याच आठवड्यात कोहिनूरला आला, विहारात उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं. मान काही वर झाली नाही.

आजीच्या बरोबरीची कोंडाबाई भिंतीला टेकून बसली होती. "आमाला काय ठाव नव्हतं व्हय रं? त्यो गिरदावर माझ्या घरला बी आलता. मी बी पडले पाया."

"मग त्या दिवशी हासलाव कामून?"

"तुजी नोकरी जाऊ ने म्हून. फुडं तुजे सायब बसल्ते न्हाई का?"

नागनाथ तिच्याशेजारी भुईवर बसला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, ही लाज आपल्या एकट्याच्या घरची. ती तर घरोघरची निघाली, आणि बायांनी ती पदराखाली झाकून त्यालाच सांभाळलं होतं.

तर आता तुम्ही बोला. जी दुरुस्ती नव्वद साली करता आली, ती करायला चौतीस वर्षं कशाची वाट बघत होता? एवढ्या वर्षांत किती म्हाताऱ्या वाकवल्यात, आणि त्यांनी तुमचं काय घोडं मारलं होतं? नागनाथला उत्तर पाहिजे. तोंडी चालणार नाही. लेखी द्या, आणि खाली सही करा.